‘मी विचारतो’: कोल्हापूरच्या एका कोचिंग गटाचं प्रकरण

रविवारची सकाळ, ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. तीन खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ मांडलेल्या. एकीवर गडहिंग्लजकडच्या एका गावातून आलेल्या ताई, त्या कोच. समोर उद्यमनगरातल्या फौंड्रीत नुकताच सुपरवायझर झालेला तरुण, तो क्लायंट. बाजूला मी, निरीक्षक, मांडीवर अभिप्रायाचा कागद. वीस मिनिटांचा सराव.

तरुण सांगत होता की बढती मिळाली, पगार वाढला, पण परवापर्यंत ज्यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून काम केलं ती माणसं आता तोंडदेखलं बोलतात. घरी बायको विचारते, तुम्ही असे गप्प गप्प का असता? ताई ऐकत होत्या. मध्येच ‘हो हो’ नाही, ‘बरोबर आहे’ नाही. मग त्यांनी विचारलं, “मग जेवताना आता कुठं बसतासा?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. खाली बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “केबिनमधे. एकटाच.” पुढची दहा मिनिटं तोच बोलत होता. शेडच्या मागं लिंबाच्या झाडाखाली कट्टा आहे, सगळे डबे तिथं उघडतात, आणि बढतीच्या दुसऱ्याच दिवसापासून आपण तिकडं फिरकलोच नाही, हे त्याचं त्याला बोलता बोलता सापडत गेलं. त्याला कुणी हाकललं नव्हतं. ताईंनी यातलं काहीही त्याला सांगितलं नव्हतं.

वर्षानुवर्षं सराव करणाऱ्या कोचलाही असा प्रश्न रोज सुचत नाही. साधा, छोटा, थेट त्या माणसाच्या डब्यापर्यंत पोचणारा. आणि अभिप्रायाची वेळ आल्यावर मी काय म्हणाले? “प्रश्न छान होता ताई. फक्त भाषेकडं जरा लक्ष द्या. तुम्ही दोनदा ‘मी विचारतो’ म्हणालात. ‘विचारते’ म्हणायचं. उद्या कंपन्यांचे क्लायंट मिळाले की अडचण होईल.”

“व्हय मॅडम,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत.

हे प्रकरण मी ताईंच्या आणि गटाच्या संमतीनं लिहिते आहे. मसुदा त्यांनी वाचला आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावं आणि व्यवसाय थोडे बदलले आहेत. ताईंची वाक्यं मात्र त्यांच्या आग्रहावरून जशीच्या तशी ठेवली आहेत.

आधी गटाबद्दल थोडं. कोल्हापुरात कोचिंग म्हटलं की लोकांना दहावी-बारावीचे क्लास आठवतात, त्यामुळं आम्हाला प्रत्येक ओळखीत पाच मिनिटं खर्ची घालावी लागतात. तालमीतला वस्ताद डाव शिकवतो, चुकलं की कान पकडतो. आम्ही ज्या अर्थानं कोच आहोत तो शिकवत नाही, सल्लाही देत नाही. समोरच्याला त्याचं उत्तर सापडेपर्यंत प्रश्न विचारतो आणि मुख्य म्हणजे ऐकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही या व्यवसायातली १९९५ साली सुरू झालेली संस्था. तिचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं तर किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. दुसऱ्या पायरीला १२५ आणि ५००, तिसऱ्या पायरीला २०० आणि २५००. हे तास एकट्यानं घरी बसून होत नाहीत. सरावाला माणसं लागतात, चुका दाखवणारे लागतात, धीर देणारे लागतात. म्हणून आम्ही काही जणांनी हा गट सुरू केला. पंचवीस-तीस जण. महिन्यातून एक रविवार, सकाळी साडेसात ते साडेदहा, मग एकत्र नाश्ता. कुणालाही बंदी नव्हती. आमच्या प्रत्येक निमंत्रणात ‘सर्वांसाठी खुलं’ असं लिहिलेलं असायचं आणि ते आम्ही मनापासून लिहायचो.

ताई थांबल्या तेव्हा मी पहिल्यांदा मागं वळून यादी बघितली. दोन वर्षांत सहा जण गळाले होते, आणि त्यातले पाच कोल्हापूर शहराबाहेरचे. इचलकरंजीचे एक, हुपरीचे एक, कागलच्या दोघी, आणि ताई. सहावे शहरातलेच, पण त्यांच्याबद्दल पुढं लिहिते. प्रत्येकाच्या नावापुढं आमच्या कुणाच्या तरी हातानं ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं. प्रश्न विचारणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी.

आता ‘मी विचारतो’बद्दल. कोल्हापूर, सांगली, सीमाभाग या पट्ट्यात अनेक बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. आया बोलतात, आज्या बोलतात, बाजारात भाजीवाली बोलते. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ते चुकल्यासारखं वाटतं, पण इथं ते पिढ्यान्पिढ्यांचं बोलणं आहे. ‘बसतासा’, ‘जेवलासा का’, ‘कवा आलासा’ यातला ‘सा’ हा आदराचा आहे. ‘बसता’ या शब्दात तो गोडवा येत नाही. माझी आई आजही ‘मी देवळात जाऊन येतो’ म्हणते. मीही तसंच म्हणायचे. पुण्यात कॉलेजला गेल्यावर हॉस्टेलच्या मुली हसल्या, आणि एका सत्रात मी ते सोडून दिलं. त्या दिवशी ताईंना जे बोलले ते व्याकरण नव्हतं. मला जे कुणीतरी केलं होतं तेच मी पुढं केलं, आणि तेही कोचिंगच्या अभिप्रायाच्या नावाखाली. हे मान्य करायला मला दोन महिने लागले.

मग चार जणांनी ठरवलं की गळालेल्या सगळ्यांना भेटायचं. गटात कुणीतरी फॉर्म पाठवूया म्हणालं. फॉर्मवर माणसं ‘वेळ जुळत नाही’ एवढंच लिहितात. आणि त्यांना हॉटेलात बोलवायचं तर ज्या जागेत ती परकी झाली तिथंच परत बसवायचं. आपल्याच गावात शाहू महाराज गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हॉटेलात स्वतः चहाला जात होते. लोकांनी तिथं यावं असा नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. तेव्हा आम्ही जायचं, चहा प्यायचा, आणि एकच पथ्य पाळायचं: ते जे बोलतील त्यावर खुलासा द्यायचा नाही. सत्रात जसं ऐकतो तसंच ऐकायचं. हे पथ्य पाळणं किती अवघड गेलं ते आम्हा चौघांना माहीत. आपल्या घराबद्दल कुणी वाईट बोललं की जीभ आपोआप सळसळते.

हुपरीच्या दादांचं घरातच चांदीचं काम. ते म्हणाले, “साडेसातला पोचायला मला साडेपाचला उठावं लागतंय, त्याचं काही नाही. पण नाश्त्याला तुम्ही सगळे विमानाचं बोलतासा. कुठल्या कंपनीत कुठल्या शहरात ट्रेनिंग घेतलं ते. मी काय बोलू?” कागलच्या दोघींनी सांगितलं की रविवार सकाळ म्हणजे घरात सगळे असतात, चहा-नाश्ता-अंघोळी, आणि तेव्हाच घरची बाई बाहेर. नवरा काही म्हणत नाही, पण सासूबाई त्या दिवशी जेवत नाहीत. इचलकरंजीचे सदस्य मुस्लिम. रमजानमध्ये आम्ही दोन वर्षं लागोपाठ ‘वार्षिक स्नेहभोजन’ ठेवलं होतं, दुपारी. त्यांनी दोन्ही वेळा ‘गावाला चाललोय’ असं कळवलं होतं, आणि आम्ही त्यांच्या प्रवासाला शुभेच्छा दिल्या होत्या. ते हे सांगताना अजिबात चिडले नव्हते. मला ते जास्त लागलं.

शहरातले जे सहावे, त्यांच्या एका पायाला लहानपणी पोलिओ झालेला. हॉलला लिफ्ट नव्हती. दर वेळी दोघं जण त्यांना खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यायचे, आणि आम्हाला आमच्या गटाचा अभिमान वाटायचा. त्यांच्या घरी मी गेले होते. ते म्हणाले, “उचलून न्यायचे ते प्रेमानंच न्यायचे. पण मध्येच उठून जावंसं वाटलं तर मला परवानगी काढावी लागायची. तुम्ही कुणी कधी मीटिंगमधून उठून जायला परवानगी काढलीय?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि पथ्यामुळं ते शोधायचंही नव्हतं. तो प्रश्न मी तसाच लिहून आणला आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवला.

ताईंकडं मी एकटीच गेले. एसटीनं. उसाच्या पट्ट्यातून जाताना दोन तासांत माझी भाषणाची चार वेळा उजळणी झाली. त्या पूर्वी अंगणवाडीत होत्या, आता बचत गटांचं काम बघतात, आणि बायकांबरोबर वर्षभर कोचिंग करत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अवो मॅडम, तुम्ही बरोबरच सांगितलासा. मीच इचार केला, आपल्याला जमायचं न्हाई ते. ‘विचारते’ म्हणाय गेलो की पुढचा प्रश्नच सुचंना झालाय.” वही काढून दाखवली. घरच्या आरशासमोर सराव केला होता. पानभर एकाखाली एक: विचारते, विचारते, विचारते.

त्या पानाचं मी पुढं काय करायला हवं होतं मला कळत नव्हतं. मी फोटो मागितला. त्या ‘घ्या की’ म्हणाल्या.

परत आल्यावर गटाची खास बैठक झाली, आणि ती शांतपणे झाली नाही. एका ज्येष्ठ कोचनी, ज्यांनी मला या क्षेत्रात आणलं आणि ज्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, दर्जाचा मुद्दा काढला. पुण्याची कंपनी कोचला जे पैसे देते ते सफाईसाठीही देते. आपण ताईंना आज खरं सांगितलं नाही तर बाजार उद्या कठोरपणे सांगेल. हा मुद्दा खोटा नाही. बाजार असाच आहे. पण आमच्या गटाचं काम बाजाराची चाळणी आधीच लावून ठेवणं आहे का, हा प्रश्न होता. फेडरेशननं २०१९ साली नव्यानं मांडलेल्या आठ मूलभूत क्षमता आम्ही सगळे पाठ म्हणतो. त्यातल्या विश्वास आणि सुरक्षितता या चौथ्या क्षमतेखाली लिहिलं आहे की कोचनं क्लायंटची ओळख, त्याची समज, त्याची शैली आणि त्याची भाषा यांचा मान राखावा आणि आपली पद्धत त्याला जुळवून घ्यावी. फौंड्रीतल्या तरुणाशी ताईंनी नेमकं तेच केलं होतं. चौथ्या क्षमतेत मी नापास झाले होते, ताई नाही.

नुसत्या वादानं हे सुटलं नसतं. सुटलं ते एका कंटाळवाण्या कामानं. आमचे सराव तिघांच्या संमतीनं रेकॉर्ड होतात. मोठ्या पायरीच्या मूल्यमापनाला रेकॉर्डिंगबरोबर त्याचा शब्दन् शब्द लिहून द्यावा लागतो, म्हणून लिहून काढायची सवय आम्हाला आहेच. आम्ही तीन सराव लिहून काढले: ताईंचा, माझा, त्या ज्येष्ठांचा. (टंकलेखन करणाऱ्या मुलीनं ‘बसतासा’चं ‘बसता’ करून आणलं होतं. तिला वाटलं चूक सुधारली. तिला परत बसवून जसं ऐकू येतं तसं लिहायला सांगितलं.) मग नावं झाकून कागद सगळ्यांना वाटले आणि फक्त तीन गोष्टी तपासायला सांगितल्या: कोच एका वेळी एकच प्रश्न विचारतो का, प्रश्न खुला आहे का, आणि जास्त कोण बोलतंय. भाषेवरून कोण कुठलं ते लगेच ओळखू येत होतं, ते झाकता येण्यासारखं नव्हतंच. पण कागदावर माझे परिच्छेद लांब होते आणि क्लायंटचे छोटे. माझा एक प्रश्न साडेचार ओळींचा होता, त्यात तीन उपप्रश्न. ताईंच्या कागदावर कोचच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या, आणि क्लायंटची पानं भरलेली. ज्येष्ठांनी कागद खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मला हिच्याकडून शिकायला लागेल.” त्यांचं मत पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. पुढं तीन-चार महिन्यांनी ते गटातून हळूहळू बाजूला झाले. ते गेल्याचं मला दुःख आहे. सगळ्यांना सामावून घेताना एकही माणूस कमी होत नाही असं जे कुणी सांगतात, त्यांनी ते करून बघितलेलं नसावं.

दुसरा वाद जास्त खोल होता. एका सदस्यानं सुचवलं की गावाकडच्या सदस्यांचा वेगळा गट करू, त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या बोलीत. निम्म्या लोकांना ही दूर ठेवण्याची युक्ती वाटली, मलाही. तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी इतिहास काढला. १८९६ साली महाराजांनी सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं. पण काही वर्षांत तिथं ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. बाकीची मुलं टिकली नाहीत. त्यातून शिकून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली काही आजही दिसतात. ज्याला आपलं म्हणता येईल अशी जागा आधी लागते, मग माणूस चौकात ताठ उभा राहतो, असं सर म्हणाले. पण त्यांनी पुढं हेही सांगितलं की महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. म्हणजे राहायची जागा वेगळी चालेल, पण कचेरीत टेबल एकच.

आम्ही तेच उचललं. सरावाची वर्तुळं हवी तशी: गडहिंग्लज-आजऱ्याकडच्यांचं एक, इचलकरंजी-हुपरीचं एक, शहरातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचं एक. कुणीही कुठल्याही वर्तुळात बसू शकतो. पण कार्यक्रम ठरवणं, पाहुणे बोलवणं, पैसे कुठं खर्च करायचे हे ठरवणं, यासाठीची आठ जणांची समिती एकच, आणि तिच्यातल्या चार जागा शहराबाहेरच्यांना. पहिल्या बैठकीत त्या चौघांनी फारसं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बैठकीत आम्ही बोलण्याचा क्रम उलटा लावला: नवे आधी, जुने शेवटी. त्या एका बदलानं बैठकीचा रंग बदलला.

बाकीचे बदल थोडक्यात सांगते, कारण ते साधे आहेत आणि आधीच करायला हवे होते. बैठक आता दसरा चौकाजवळच्या एका तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होते, उतार आहे, मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा पटकन येते. वेळ अकरा ते दोन. कागलच्या दोघी आता स्वयंपाक उरकून येतात, हे ऐकून मला आनंद होतो आणि खटकतंही, कारण स्वयंपाक अजून त्यांचाच आहे. रमजान, दिवाळी, नाताळ, पर्युषण, आंबेडकर जयंती पुढच्या वर्षाच्या तक्त्यावर आधी लिहितो आणि मग तारखा धरतो. हॉटेलचा नाश्ता गेला, पोहे आणि चहा आला.

फीबाबत मात्र आम्ही एकदा सपशेल चुकलो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सवलतीचा अर्ज काढला, त्यात कारणाचा रकाना. तीन महिन्यांत एकही अर्ज आला नाही. हुपरीच्या दादांनी सांगितलं, “कारण लिहून मागायचं म्हणजे हात पसरायचा. आमच्यात हात पसरत न्हाईत.” मग फी सगळ्यांनाच कमी केली आणि दाराशी एक झाकणाचा डबा ठेवला. ज्याला जास्त टाकायचं त्यानं टाकावं, कोण किती टाकतं ते दिसत नाही. हॉलचं भाडं आजवर भागलं आहे.

आडनावांच्या बाबतीत तर मी स्वतः तोंडावर आपटले. आमच्याकडं नवा माणूस आला की ‘गाव कुठलं? आडनाव काय? मग अमक्यांचे पाहुणे का?’ हे ठरलेलं. वरवर आपुलकी असते, आत कशाची चौकशी चालली आहे ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मी सुचवलं की छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव लिहू. मला वाटलं टाळ्या पडतील. एक तरुण वकील मैत्रीण उभी राहिली. ती बौद्ध आहे. ती म्हणाली, “माझ्या आजोबांनी या आडनावासकट शाळेत हजेरी दिली. मास्तर मुद्दाम मोठ्यानं वाचायचा. आता तुम्हाला ऐकायला अवघड जातं म्हणून मी ते झाकायचं? आडनाव राहू द्या. तुमची चौकशी बंद करा.” पट्टीवर आता ज्याला जे लिहायचं ते लिहितो. आणि स्वागताला बसणाऱ्यांना एकच प्रश्न ठरवून दिला आहे: ‘आज कशासाठी आलात?’ सवय जात नाही. परवाच एका नव्या मुलाला कुणीतरी ‘म्हणजे तुम्ही कुणापैकी?’ विचारलंच. त्याला आम्ही दारापाशीच थांबवलं, म्हणजे विचारणाऱ्याला.

निरीक्षकाच्या कागदावर सगळ्यात वर आता ठळक ओळ आहे: ‘बोली, उच्चार, व्याकरण यांवर शेरा नाही. क्लायंटला शब्द कळला नसेल तरच तो शब्द लिहा.’ दुसरा भाग फौंड्रीतल्या तरुणानं घालायला लावला. शहरातल्या एका कोचनी त्याला ‘तुमचं अंडरलाइंग बिलीफ काय आहे?’ असं विचारलं होतं आणि तो लाजून ‘हो’ म्हणाला होता. बिघाड तिथं होता, आणि तो आम्ही कधी टिपलाच नव्हता.

ताई पाच महिन्यांनी परत आल्या. माझ्या माफीमुळं नाही. समितीतल्या जागेसाठी त्यांच्या वर्तुळानं त्यांचं नाव सुचवलं म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांना निरीक्षक केलं आणि योगायोगानं कोच मी होते. समोर घरातल्या वाटणीच्या वादानं पिचलेल्या एक बाई. सराव संपल्यावर ताई कागदाकडं न बघता म्हणाल्या, “त्यांनी ‘भाऊ’ म्हटल्यावर उसासा टाकला. तुम्ही लगेच पुढचं इचारलासा. तितं थोडं थांबाय पायजे होतं.” रेकॉर्डिंग ऐकलं. उसासा होता. मला तो ऐकू आला नव्हता.

आता जे अडलं आहे ते. प्रमाणपत्राच्या १०० तासांपैकी ७५ तास फी घेऊन केलेले असावे लागतात. ताईंचे बहुतेक तास बचत गटाच्या बायकांबरोबरचे, मोफत. इथं आम्हाला नियम नीट वाचल्याचा उपयोग झाला: फी किती असावी याला बंधन नाही, आणि रोखीऐवजी वस्तूच्या किंवा सेवेच्या रूपातला मोबदलाही धरला जातो. ताईंनी बायकांना हे सांगितलं तेव्हा बायकांनीच दर ठरवला. फुकट घ्यायला त्यांनाही संकोच वाटत होता. त्यामुळं ताईंच्या वहीत, त्याच वहीत, आता चार रकाने आखलेले आहेत: तारीख, नावाचं आद्याक्षर, तास, आणि काय मिळालं. शेवटच्या रकान्यात कुठं ‘वीस रुपये’, कुठं ‘अंडी डझन’, एका ठिकाणी ‘गुळाचा रवा’, म्हणजे गुळाची मोठी ढेप, असं लिहिलेलं आहे. गूळ त्या दिवशी एसटीत चढवताना कंडक्टरनं मदत केली.

खरी अडचण मेंटॉर कोचिंगची, म्हणजे अनुभवी कोचकडून आपलं कोचिंग तपासून घेण्याची. प्रमाणपत्राआधी तीन महिन्यांहून कमी नाही इतक्या काळात १० तास एका पात्र मेंटॉरबरोबर घालवावे लागतात. ताईंना ते त्यांच्या बोलीत हवेत, म्हणजे मेंटॉरला सराव ऐकून कळायला हवा, ‘बसतासा’ आणि ‘बसता’ यातला फरक कानाला लागायला हवा. असा मेंटॉर आमच्या गटात आज कुणी नाही. गटातल्या आणखी एकीनं आणि मी त्या पात्रतेसाठी तास मोजायला घेतले आहेत. मला वेळ लागेल. तोवर ताईंनी पुण्याच्या एका मेंटॉरकडं जावं असं मी सुचवलं. फी गटाच्या डब्यातून देऊ म्हणाले. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. “बघूया. आधी मी त्यांच्याशी एकदा बोलून बघतो,” म्हणाल्या.